सुगंधाचं तांदूळ निवडणं

आमच्या दहिसरच्या चाळीतली सुगंधा, दोन मुलांची आई, अडुसष्ट साली मॅट्रिकला बसली. पास झाली तरच बालवाडीतली तिची नोकरी पक्की होणार होती. दुपारी तासभर गणितं करून डोकं शिणलं की ती गॅलरीत येई, कोणाचंही सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडी आणि दहा मिनिटांत ताजीतवानी होऊन आत जाई.

माझ्या जिभेला हाड नाही. भर गॅलरीत विचारलं, "सुगंधा, पेपरात खडे वेचायला देणारेत काय गं?" सगळे हसले. तीही हसली, पण दुसऱ्या दिवसापासून बाहेर आली नाही. दार लावून सलग पाच-पाच तास बसू लागली. ऐन पेपरात डोकं सुन्न झालं, येणारी गणितंही सुटली नाहीत आणि ती नापास झाली.

मी तोंड लपवत होतो, तर तीच म्हणाली, "तुमचं खरं होतं हो, भिकाजीभाऊ. तांदळात वेळ घालवला मी. आता ऑक्टोबरसाठी रोज आठ तास बसणार."

"नको गं," मी म्हटलं. "मधेमधे उठत होतीस, तेव्हाच गणितं येत होती तुला. चुकलो मी."

ती हसली. तिला वाटलं, ही माझी नवी थट्टा.