युद्ध थांबवायला निघालेलं बिऱ्हाड

युद्ध थांबवायला जायचं म्हणून मी सकाळी शर्टाला दोनदा इस्त्री केली होती. मोखाड्याच्या शाळेतल्या गुरुजीने जगासाठी यापेक्षा जास्त काय करावं?

तसं युद्ध आमच्यापासून लांब, पार आखातात चाललेलं. पण माझा धाकटा भाऊ किसन तिथेच वेल्डिंगच्या कामाला गेला होता. विमानं बंद, फोन लागला तर लागला. जव्हार तालुक्यातल्या वांगणीकडच्या आमच्या पाड्यावर आय रोज संध्याकाळी रेंजसाठी टेकाडावर जाऊन बसायची आणि काळोख पडला की न बोलता खाली उतरायची. तिचं ते गप्प राहणं मला सोसत नव्हतं. तेवढ्यात जव्हारच्या काही शिक्षकांनी आणि कॉलेजच्या पोरांनी युद्धाविरोधात शांतता फेरी काढायचं ठरवलं. मूक फेरी! पांढरे कपडे, हातात फलक, तोंडातून चकार शब्द नाही. असल्या कार्यक्रमाला मी जन्मात कधी गेलो नव्हतो, तरी मला ‘शांतता प्रमुख’ नेमलं. (का, तर वर्ग गप्प बसवायचा अनुभव! माझा वर्ग त्यांच्यापैकी कुणी पाहिला नव्हता.)

आय टेकाडावर असायच्या वेळी मी उत्साहाने तिला फोन लावला आणि तिथेच घोळ केला. ‘फेरी’ म्हणायचं सोडून बोलून गेलो, “आये, सोमवारी जव्हारला मोर्चा हाय. युद्ध बंद करा म्हणून.”

“मोर्चा?” किती दिवसांनी तिचा आवाज चढला! “मंग आधी नाय का सांगायचा? बायांना कळवते.”

“आणि पांढरं नेसून या गं.”

“पांढरं? कोण मेलाय का घरात? माझा पोरगा जिता हाय!” फोन कट.

आता आमच्याकडे मोर्चा कशाला म्हणतात, हे पाड्यावर वाढलेल्या मला ठाऊक नको? मोर्चा म्हणजे बिऱ्हाड! कचेरीसमोर चूल मांडायची आणि साहेब लेखी देत नाही तोवर हलायचं नाही. सोमवारी जव्हारला जीप आली तेव्हा तिच्या टपावर टोप होते, लाकडाच्या मोळ्या होत्या, तांदळाची गाठोडी होती आणि आतून, एका बाईच्या मांडीवरून, एक कोंबडा माझ्याकडे बघत होता. आय हिरवंगार लुगडं नेसून ऐटीत उतरली.

“आये, हा कोंबडा?”

“उद्याच्या कालवणाला.”

“उद्या? अगं, तासाभराचा कार्यक्रम आहे!”

जानकीकाकीने, म्हणजे आमच्या शेजारणीने, मला खालून वर न्याहाळलं. “तासाभरात युद्ध थांबतंय का? गुरुजी, तुम्ही तं शिकलेले ना?”

फेरी निघाली. पुढे पांढरेशुभ्र शिक्षक, मागे टोप डोक्यावर घेतलेल्या बाया. चार पावलं होतात न होतात तोच काकीने सवयीने मूठ वर केली, “कोण म्हणतो देत नाय...”

“श्श्श!” मी धावलो. पुढच्या वळणावर दुसरीने घोषणा काढली. “श्श्श!” मग तिसरीने. बाजारपेठेतून जाताना सगळ्या मूक फेरीत एकच आवाज येत होता, तो माझा. दुकानातून एकाने विचारलंसुद्धा, “गुरुजी, कोंबडी सुटलीय का?”

(सुटली नव्हती. कोंबडी नव्हे, कोंबडा. आणि तो पुढच्याच चौकात सुटला. शांतता राखायचं सोडून मी इस्त्रीच्या शर्टासकट एका हातगाडीखाली शिरलो.)

तहसील कचेरीच्या दारात साहेब मॅडम स्वतः आल्या. तरुण, हसतमुख. निवेदन घेतलं, फोटो झाला, टाळ्या झाल्या, शिक्षक चहाला पांगले.

“झाला?” आयने विचारलं.

“झाला.”

“युद्ध थांबला?”

“अगं, असं लगेच...”

“मंग उठायचा कशाला?” आणि ती बसली. तिच्यामागे सगळा पाडा बसला! तीन दगड आले, टोप चढला. मला दरदरून घाम फुटला. मी सरकारी नोकर, समोर सरकारी कचेरी आणि मध्ये माझ्या आईची चूल!

“आये, माझी नोकरी जाईल गं!”

“जाईल तवा जाईल. आता फुंक, लाकडं वली हायेत.”

मी निमूटपणे गुडघ्यावर बसून फुंकायला लागलो. धूर बघून मॅडम पुन्हा बाहेर आल्या आणि सरळ आयच्या पुढ्यात उकिडव्या बसल्या.

“आजी, काय हवंय तुम्हाला?”

“युद्ध थांबवतो असा लेखी द्या.”

“ते माझ्या हातात नाही हो. फार वरच्यांच्या हातात आहे.”

“हातपंपाच्या टायमाला पण वरच्यांच्याच हातात होता. आम्ही बसलो, मंग आला.”

मॅडम हसल्या. खरंच कागद मागवला आणि लिहिलं, ‘युद्ध थांबावे ही आपली मागणी वरिष्ठांकडे पाठवत आहे.’ खाली सही, शिक्का. आयने तो कागद काकीच्या नातीकडून दोनदा वाचून घेतला.

“यात तारीख नाय.”

“कसली तारीख, आजी?”

“माझा पोरगा कवा येल, ती. तिकडं हाय तो.”

तारीख टाकायला उचललेलं मॅडमचं पेन थांबलं. मी सकाळपासून ‘श्श्श’ करून जी शांतता आणू शकलो नव्हतो, ती त्या एका वाक्याने आली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. (धूर होताच. पण नुसता धूर नव्हता.)

“तारीख मला नाही लिहिता येत, आजी,” मॅडम हळूच म्हणाल्या.

“मंग जागा सोडा. आम्ही भरू.”

मॅडमनी कागदावर जागा सोडली, वर आमच्याबरोबर पेजही प्यायल्या. आयने मोर्चा यशस्वी झाल्याचं जाहीर केलं आणि सगळ्या जणी घोषणा देत, म्हणजे मूक फेरीची उरलीसुरली अब्रू घालवत, जीपमध्ये बसल्या. कोंबडाही जिवंत परतला.

चुलीपाशी बसलेल्या मॅडम आणि आयचा फोटो कुणीतरी काढून मोबाइलवर टाकला आणि फिरत फिरत तो कुठल्या कुठे गेला. दोनच दिवसांनी टेकाडावर आयचा फोन वाजला. किसन! मी शेजारीच बसलो होतो. आय हसत होती, रडत होती, “जेवलास का रं?” एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती. तो सुखरूप होता. विमानं सुरू होतायत, पहिल्या खेपेला नाव लावलंय, म्हणाला. मग त्याने फोन माझ्याकडे द्यायला सांगितला. मी फोन कानाशी घट्ट धरला.

“दादा, फोटो बघितला. आयच्या मागं चूल फुंकतोस तो तूच ना?”

“हो रे, मीच!”

“मास्तरकी कवा सुटली? आणि घाबरू नको, इथं आमच्या मेसला स्वयंपाकी पाहिजेच हाय!”