धुऱ्यावरची पालकसभा

माझी बायको शाळेची मुख्याध्यापिका आहे आणि मी बांगड्या विकतो. चामोर्शीच्या बाजारात आमचं दुकान माझ्या आजोबांपासूनचं. तिची शाळा त्या मानाने कालची. तरी लोक मला ओळखतात ते 'बाईंचे मिस्टर' म्हणून. सुरुवातीला राग यायचा. मग लक्षात आलं की त्या ओळखीवर गिऱ्हाइकं वाढतात, तेव्हापासून मी गप्प बसतो.

खासगी, विनाअनुदानित शाळा चालवणं म्हणजे काय, हे मला तिच्या फोनमुळे कळलं. सकाळचा चहा ओठाला लागत नाही तोच तो वाजतो. कुणाच्या लेकराची पाण्याची बाटली वर्गात हरवलेली असते. कुणाला आपला मुलगा मागच्या बाकावर का बसवला याचा जाब हवा असतो. एखाद्या शिक्षिकेला दुसरीकडे नोकरी लागलेली असते आणि ती आजपासूनच येणार नसते. हे आटोपतं न आटोपतं तोच संस्थेच्या अध्यक्षांचा फोन. गडचिरोली रोडवर एक नवी शाळा उघडली आणि तिच्या फाटकावर सिमेंटचे दोन सिंह बसले, तेव्हापासून अध्यक्षांनाही सिंह हवेत. बायको सगळ्यांचं ऐकून घेते, आवाज चढवत नाही, आणि फोन ठेवला की माझ्यावर ओरडते की चहा थंड झाला. एवढ्या माणसांचं ऐकल्यावर कुणावर तरी ओरडायला हवंच. ते काम मी पत्करलंय.

त्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि परिपाठाला उभी असताना तिला चक्कर आली. लेकरांसमोर खाली बसली. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी बीपी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि ताण कमी करा म्हणाले. तिने विचारलं, "कुठला कमी करू?" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. मी घाबरलो होतो. घरी येताच मी सांगून टाकलं की आता पुरे, नोकरी सोड. भांडण झालं. मीही हट्टाचा आहे, सोडलं नाही. शेवटी ती कबूल झाली. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झालं की अध्यक्षांना सांगायचं. पण त्याआधी रोवणीतल्या, म्हणजे धानलावणीच्या दिवसांतल्या, सभा तिलाच घ्यायच्या होत्या. गावांतल्या आयांना ती स्वतः सांगणार होती.

या सभा काय असतात ते सांगतो. जुलैत शाळेत पालकसभा ठेवली की बाजारातले व्यापारी येतात, नोकरीवाले येतात, आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात. शाळेतली बरीच लेकरं आसपासच्या गावांतली. त्यांच्या आया तेव्हा गुडघाभर चिखलात धान रोवत असतात. रोवणी कुणासाठी थांबत नाही. पहिल्या वर्षी बाईंनी निरोपावर निरोप पाठवले, कुणी आलं नाही. दुसऱ्या वर्षी ती स्वतःच निघाली. मी स्कूटरवर मागे बसवून नेलं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, छत्री घेऊन उभी राहिली आणि बोलायला लागली. बाया वाकलेल्या, पाठ तिच्याकडे, पावसाचा आवाज. कुणाला काही ऐकू जाईना. मग तिने चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि बांधीत, त्या पाणी भरलेल्या वाफ्यात, उतरली.

आमच्या सात पिढ्यांत कुणी धान रोवलं नव्हतं. तिची ओळ वाकडी जायची, रोपं आडवी पडायची, आणि ती निघाली की बाया तिची रोपं उपटून पुन्हा लावायच्या. हे तिला माहीत होतं. ती म्हणायची, "लावू देत. तेवढ्या वेळात माझं बोलून होतं." एका बाईशेजारी वाकायचं, ओळीभर तिच्या लेकराबद्दल बोलायचं, मग पुढच्या बाईशेजारी. शाळेत ती पुस्तकी मराठी बोलते. चिखलात उतरली की जिभेवर गाव येतं.

मी धुऱ्यावर उभा राहून हे ऐकलंय, म्हणून खात्रीने सांगतो, माझ्या बायकोइतकं चांगलं 'नाही' म्हणणारं माणूस मी पाहिलं नाही. ती आधी लेकराबद्दल असं काही सांगते की आईला कळतं, हिने माझं लेकरू नीट पाहिलंय. पोरगी वाचताना ओळीखाली बोट फिरवते, आता बोट सुटायला लागलंय, असं काहीतरी. मग मागणी ऐकते. जमणार नसेल तर आधी नाही म्हणते, कारण नंतर सांगते. 'बघू' हा शब्द तिच्याकडे नाही. आणि जे छोटंसं करता येईल ते सांगते आणि करते. बाया तिच्याकडून नकार घेऊन जातात आणि जाताना काकड्या देतात. अध्यक्षांना हे कधी जमलं नाही. मलाही नाही, ते पुढे येईलच.

त्या जुलैत गावामागून गाव झालं, पण सोडून जाण्याचं ती कुठेच बोलली नाही. मी स्कूटरवर विचारायचो, सांगितलंस का? ती म्हणायची, शेवटच्या गावात सांगते. शेवटचं गाव आलं. फाट्यापासून आत, मध्ये एक नाला. ती चिखलात उतरली, एक ओळ लावली, सरळ झाली आणि तशीच उभी राहिली. चेहरा पांढरा पडला होता. मी हात देऊन तिला धुऱ्यावर बसवलं, छत्री धरली, पाणी पाजलं. मी म्हटलं, घरी चल. ती म्हणाली, "या बाया वाट पाहतायत. आज तुम्ही बोला."

"आज बांगडीवाले भाऊच हेडमास्तर काय जी?" एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. या बायांचे हात मी वर्षानुवर्षं हातात घेतलेत, कुणाला कुठली बांगडी बसते ते मला पाठ आहे. मला वाटलं, यात काय अवघड.

एकीने विचारलं, तिकडच्या शाळेत पोराईले टाय आहे, आपल्याकडे काऊन नाई? मी म्हटलं, होऊन जाईल. दुसरी म्हणाली, माह्या पोराले इंग्रजी बोलता नाई येत. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत बोलेल. कॉम्प्युटर? येईल. कडेच्या ओळीला एक सडपातळ बाई होती. तिची मुलगी तिसरीत. ती म्हणाली, "शाळेची बस गावात येत नाई भाऊ. पोरगी एकटी नाला पार करून फाट्यावर जाते. पाणी वाढलं का मले जेवण जात नाई." तिचा चेहरा पाहून मला राहवलं नाही. मी म्हटलं, बस गावात येईल. दुकानात नसलेल्या रंगाची बांगडी कुणी मागितली की मी 'मंगळवारी माल येतो' म्हणतो, तसंच ते माझ्या तोंडून निघालं. सगळ्या खूश झाल्या. मीही खूश होतो.

स्कूटरवर ती मागे वळून नाल्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बस कोण नेणार आहे तिथे?"

"त्यांना बरं वाटलं," मी म्हटलं.

"त्या नाल्यावरची मोरी खचलीय. बस उलटली तर लेकरं कोण काढेल?" तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. तो मला जास्त लागला. "उद्या मला परत यायला लागेल."

दुसऱ्या दिवशी शाळेआधी आम्ही परत गेलो. तिने तेव्हा चिखलात उतरायला नको होतं, मी ओरडलोही, पण ती उतरली. एकेकीच्या शेजारी वाकून तिने माझं वचन मागे घेतलं. टाय येणार नाही, उकाड्यात लेकरांना गळफास कशाला. इंग्रजी दिवाळीपर्यंत येणार नाही, मला स्वतःला यायला किती वर्षं लागली. बाया माझ्याकडे बघून हसत होत्या, मी छत्रीमागे तोंड लपवत होतो. शेवटी ती त्या सडपातळ बाईपाशी गेली. "बस गावात येणार नाई. यंदा नाई, मोरी बांधेपर्यंत नाई. नाल्यावर पाणी असन त्या दिवशी पोरीले घरी ठेव, तिचा अभ्यास मी बुडू देणार नाई." त्या बाईच्या हातातली रोपांची पेंढी तेवढी आवळली गेली.

मग सरळ उभं राहून बायको सगळ्यांना म्हणाली, "माही तब्येत बरी नाई. पुढच्या वर्षी दुसरं कोणी येईन." इतक्या वर्षांत त्या बांधीत बायांचे हात थांबलेले मी पहिल्यांदा पाहिले. थोड्या वेळाने त्या पुन्हा वाकल्या.

रोवणी आटोपली की माझा हंगाम सुरू होतो. चिखलात बायांच्या बांगड्या फुटलेल्या असतात, राखीच्या आधी नव्या भरायच्या असतात. बाजाराच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि त्या गर्दीत ती सडपातळ बाई समोर येऊन बसली. हिरव्या दाखवा म्हणाली. मी तिचा हात घेतला. पहिली बांगडी बोटांच्या सांध्यावर आली आणि ती म्हणाली, "बाईले सांगजा, बसचं माह्या मनात काई नाई. बाई नाई म्हणते तं मले समजते, आता आस लावून बसाचं नाई. आता मीच पोरीले नाल्यापार सोडून देतो."

मी म्हटलं, सांगतो.

"पण बाई शाळा सोडून राह्यली तं म्या बी पोरगी काढून घेतो. थे सिंहवाल्या शाळेची बस फाट्यावर येतेच. बाई राह्यते का जाते, तेवढं आता सांगा."

बांगडी सांध्यावर अडलेली असते तेव्हा गिऱ्हाइकाला हलता येत नाही आणि दुकानदारालाही. ती माझ्याकडे बघत होती. परिपाठाला खाली बसलेली बायको मला आठवत होती, डॉक्टर आठवत होते, माझा हट्ट आठवत होता. आणि तरी मी म्हटलं, "राह्यते. कुठी जाते?" बांगडी आत गेली.

घरी गेलो तेव्हा ती गोळी घेऊन पलंगावर बसली होती. मी सगळं सांगितलं.

"मला न विचारता?" ती म्हणाली.

"गिऱ्हाइकाला नाही म्हणणं मला कुठे जमतं?"

ती उठून आत गेली. पंधरा ऑगस्टपर्यंत तिने तो विषय काढला नाही आणि माझी विचारायची हिंमत झाली नाही. मला तिची काळजी वाटत होती आणि ती शाळेतून जाऊ नये असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

झेंडावंदन झालं, लेकरं जिलेबी खात पांगली. ती अध्यक्षांबरोबर ऑफिसात गेली. मी फाटकाशी स्कूटर लावून उभा राहिलो. खिडकीतून अध्यक्षांचे हात हलताना दिसत होते, तिचे दिसत नव्हते. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली आणि मागे बसली.

"अध्यक्षांना नाही म्हणून आले," ती म्हणाली.

"म्हणजे सोडलीस?"

"सकाळच्या फोनांना नाही म्हटलं. ते आता उपमुख्याध्यापिका घेणार. दुपारी तासभर आराम. आणि सिंहांना नाही म्हटलं. त्यापेक्षा त्यांनी मोरीसाठी पंचायतीत खेटे घालावेत." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही त्या बाईला शब्द दिलाय. तुमचे किती शब्द मागे घेऊ मी?"

मला रडू आलं. पाठमोरा होतो म्हणून तिला दिसलं नाही. आता सकाळचा चहा आम्ही गरम पितो. जुलैत मी अजून तिच्याबरोबर धुऱ्यावर जातो. छत्री धरतो, पाणी देतो. तोंड उघडायची मला परवानगी नाही.