जेद्द्याच्या तबकड्या आणि तांदळाची खळ

दम्मामहून निघालेलं विमान जेद्द्याला टेकलं, तेव्हा डावीकडे तांबडा समुद्र निळाशार पसरला होता. आम्ही राहतो ते जुबैल सौदीच्या दुसऱ्या टोकाला, तिथला समुद्र कारखान्यांच्या आड दडलेला, त्यामुळे मला ह्या समुद्राचं फारच अप्रूप वाटलं. पण मी आले होते मुग्धासाठी. माझी धाकटी लेक इथे रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. संध्याकाळी ती पहिल्यांदाच लोकांसमोर स्क्रॅचिंग करणार होती, म्हणजे फिरती तबकडी हाताने पुढेमागे घासून तालात बोलती करणार होती.

ती ड्युटीवर गेली. मला रिकामं बसवत नाही. तिच्या दोन्ही टर्नटेबलांवर (तबकडी फिरवणाऱ्या यंत्रांवर) नमद्याच्या (लोकरी कापडाच्या) कळकट चकत्या दिसल्या. धुऊन वाळत टाकल्या.

मुग्धाने आल्या आल्या कपाळाला हात लावला.

"आई, तबकडी हाताने धरली तरी खालची प्लेट फिरत राहायला हवी. त्यासाठीच असतात ह्या! आता लुळ्या पडल्यात, बघ, तबकडी अडकतेय."

"दुसऱ्या आण ना."

"मागवायला आठवडा जातो. आणि हात ह्यांच्यावरच बसलाय माझा. जाऊ दे, मी नाव मागे घेते."

माझं तोंड एवढंसं झालं. मग सुती साड्या आठवल्या. भाताची पेज गाळली, चकत्यांना खळ दिली, वरून इस्त्री फिरवली. मुग्धाने तबकडीवर बोट टेकलं. तबकडी थांबली, प्लेट फिरत राहिली.

"यल्ला (चल), आई!"

बलदमध्ये (जुन्या शहरात) लाकडी सज्ज्यांच्या गल्लीत कॅफे होता. खजूर आणि गहवा (वेलची घातलेली कॉफी) पुढे आली. संयोजक अब्दुल्ला पिकल्या दाढीचे. भावाने अमेरिकेहून आणलेल्या कॅसेटी ऐकून शिकलेले. त्यांनी चकती चाचपली.

"स्टार्च?" त्यांनी इंग्रजीत विचारलं आणि खो खो हसले. "न्यूयॉर्कमध्ये ज्या पोरांनी हे सुरू केलं, त्यांच्यातही एकाने कापडाला स्टार्च मारूनच चकती बनवली होती!"

मी लगेच ताठ बसले.

मुग्धाने तबकडीवर हात ठेवला. मग तबकडी चिरकली, थबकली, ढोलकीसारखी घुमली. पुढच्या काळ्या पायघोळ अबायातल्या मुली किंचाळल्या, मीही किंचाळले. लेक मोठी झाली, आता तिचं आपल्यावाचून अडत नाही, अशी माझी कुरकुर असायची. त्या संध्याकाळी मी नुसती सुखावले.

परतले तेव्हा दम्मामच्या विमानतळावर हे न्यायला आले होते. "कसं वाजवलं पोरीने?"

बॅग खाली ठेवून मी तिथेच हवेत तबकडी घासून दाखवली, तोंडाने आवाजासकट.

"अगं, लोक बघतायत!"

"बघू देत," म्हटलं आणि पुन्हा सुरुवातीपासून दाखवलं.