सेग्रिगेटचं मराठी

"रावसाब, भिंतीवर काय लिवलंय ते वाचा," बाई म्हणाली. मी ऑफिसच्या ओट्यावर उभा होतो. भिंतीवरची नोटीस माझीच होती. म्हणजे इंग्रजी ऑर्डर सरकारची, मराठी माझं.

प्लेगचं दुसरं साल होतं. कल्याणला प्लेगच्या कामासाठी तात्पुरतं ऑफिस उघडलं होतं आणि मी तिथे ट्रान्सलेटर. पहिल्या ऑर्डरमध्ये लिहिलं होतं, रोग्याला सेग्रिगेट करावं. हा शब्द मी कधी वाचला नव्हता. ऑफिसातला कोश उघडला, तर 'कळपातून निराळे काढणे'. लॅटिनमधला धनगरी शब्द!

मी प्लेगच्या डॉक्टरसाहेबांना विचारलं. गोरा गडी, दिवसभर पायपीट करून वैतागलेला. पण शब्दांची त्यालाही हौस. तो म्हणाला, "आधी हा शब्द पाद्री लोक वापरत. पापी माणसाला धर्माबाहेर ठेवायला. मग शास्त्रज्ञांनी घेतला, एका जातीची झाडं दुसरीपासून निराळी मांडायला. आता आमच्याकडे आलाय."

"आणि आता अर्थ काय, साहेब?"

"आता अर्थ मी ठरवतो," तो हसून म्हणाला. मीही हसलो.

मी लिहिलं, 'आजारी माणसास गावाबाहेरच्या कॅम्पात निराळे ठेवण्यात येईल.' लोक रोगी लपवत होते, माळ्यावर, भाताच्या कणगीमागे. म्हणून मी साहेबांना विचारून एक वाक्य पदरचं घातलं, 'घरच्या निरोगी माणसांस हात लावला जाणार नाही.' त्या वाक्याचा मला फार अभिमान होता. लोक येऊन कळवू लागले. साहेबांनी पाठ थोपटली.

दीडेक महिन्याने दुसरी ऑर्डर आली. क्रियापद तेच. फक्त रोग्याच्या जागी 'घरातील सर्वांना' आलं होतं.

मी हेडक्लार्क दामल्यांकडे गेलो. "नोटीस बदलायला हवी."

"शब्द कोणता आहे?"

"सेग्रिगेटच."

"मग त्याचं मराठी झालंय की! ऑफिसचा नियम ठाऊक आहे ना? एका शब्दाचं भाषांतर एकदाच. ठाण्याहून नवी छापून येईपर्यंत हीच राहू दे. आणि हे बघा, आता नोटीस काढून टाकली तर लोक कळवायचे बंद होतील."

मी वाद घातला नाही. बायको माहेरी बाळंतपणाला गेली होती, नोकरी नवी होती. ही कारणं खरी आहेत, पुरेशी नाहीत.

आणि तिसऱ्या दिवशी ही बाई आली. मिठागरावर काम करणारी, आगरी जातीची. पायांना खारट चिखल तसाच. नवऱ्याला ताप भरला होता, जांघेत गाठ आली होती. घरात एक मुलगी, आठ-नऊ वर्षांची, धडधाकट.

मी नोटीस वाचली. शेवटच्या वाक्याशी तिने मला थांबवलं.

"म्हंजे पोरीला न्हेनार नाय ना?"

नवी ऑर्डर माझ्या टेबलावर पडली होती. मी म्हणालो, "नोटिशीत तसं लिहिलंय."

हे उत्तर मी अजून विसरलो नाही. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

तिने घर दाखवलं. दुपारी डॉक्टरसाहेब शिपाई घेऊन गेले आणि तिघांनाही चटयांच्या झोपड्यांच्या कॅम्पात आणलं. नवरा दुसऱ्या दिवशी गेला. पोरगी चार दिवस नीट होती, कॅम्पाच्या कुंपणाशी खेळताना मी तिला पाहिलं. पाचव्या दिवशी तिला ताप भरला. आठव्या दिवशी आई एकटी बाहेर आली.

ठाण्याहून नव्या नोटिशी काही आल्या नाहीत. मी हाताने एक लिहून तिच्या आळीत गेलो. आळीच्या तोंडाशीच ती बसली होती. मी कागद उघडला.

"वाचू नका," ती म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता. "कुनाकुनाला न्हेनार, तेवरी मानसं सांगा."

मी कागदाची घडी घातली. मग मी सांगितलं. "नवरा, बायको, पोरं, म्हातारी. सगळ्यांना."

"त्या दिशी ठावं होतं?"

"हो."

ती उठली आणि घरात गेली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ऑफिसात येऊन मी नोटीस पुन्हा लिहिली. निराळे, अलग, विलग, एकही शब्द ठेवला नाही. नवरा, बायको, मुले, म्हातारी माणसे, सर्वांना नेले जाईल, एवढंच. डॉक्टरसाहेबांनी अर्थ विचारला आणि ते भडकले. "हे वाचल्यावर कोण कळवायला येईल?"

"कोणी नाही, साहेब."

तरी तीच नोटीस मी भिंतीवर लावली, आणि कोणी आलंही नाही. त्या आळीत पुढे माणसं मेली, घरातच, दारं लावून. खऱ्या नोटिशीने कोणी वाचलं असं मला सांगता येणार नाही. पण माझ्यावर विश्वास ठेवून त्यांतलं कोणी मेलं नाही. पुढे बावीस वर्षं भाषांतरं केली. नवा शब्द आला की कोश उघडायचोच; पण त्याआधी जाऊन विचारायचो, शिपाई कोणाच्या दारात जाणार आहेत.