बुवांची पिकदाणी

आधीच सांगून टाकतो – माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला वाट देतो आणि पुढे जातो. सगळी नोकरी पोरांना विज्ञान शिकवण्यात गेली. या सदरात येणारे पांढऱ्या साडीतल्या बायांचे अनुभव वाचून मला हसू येतं. माझ्या अनुभवात तसलं काही नाही. माझ्या अनुभवात आहे ती थुंकी... जेवता जेवता वाचत असाल तर हे पान आत्ताच उलटा.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-दोन वर्षं झाली असतील. मी मेहकर तालुक्यातल्या डोणगावला नवा नवा मास्तर होतो. घरात मी आणि माय, दोघंच. वडील आधीच गेले होते. मायचा एक कान कधीचाच बंद पडला होता आणि दुसराही हळूहळू मिटत चालला होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं – जे काय ऐकवायचं ते लवकर ऐकवून घ्या.

मायला एकच गोष्ट ऐकायची होती. शेजारच्या किराणा दुकानदाराकडे चावीचा फोनो होता आणि त्यावर एका मोठ्या बुवांची तबकडी वाजायची. (बुवांचं नाव देत नाही, त्यांच्या घरचे लोक आजही गातात.) तबकडीच्या मागच्या बाजूला भैरवीतलं एक भजन होतं. वडील गेले त्या दिवसांत माय ओट्यावर बसून तेच ऐकायची, पुन्हा पुन्हा लावायला सांगायची. आणि मी? मी तर बुवांचा भक्तच होतो. मासिकात आलेला त्यांचा फोटो कापून मी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला होता. कपडे काढताना रोज दर्शन घ्यायचो, खोटं कशाला बोलू!

अशात बातमी आली की बुवा डोणगावात येताहेत. वाचनालयाची नवी इमारत झाली होती, तिच्या उद्घाटनाला गावचे बागायतदार आबासाहेब यांनी त्यांना बोलावलं होतं. गावात वीज नव्हती, म्हणून मैफल सकाळची ठेवली. इमारतीसमोर मंडप, बॅटरीवरचा लाउडस्पीकर, सगळा थाट. बुवांच्या तैनातीला कोण राहणार यावर स्वयंसेवकांत जुंपली. मी दोघांशी कायमचं वाकडं घेऊन तो मान मिळवला. आबासाहेबांनी माझ्या हातात एक पितळी पिकदाणी दिली – वरून रुंद, मध्ये बारीक – आणि म्हणाले, “मास्तर, बुवाले पान सतत लागते. हे घेऊन मागं बसजा. भरली की रिकामी करजा.” हाच तो मान.

लाउडस्पीकरची मायला नुसती घरघर ऐकू यायची. म्हणून मी तिला स्टेजच्या मागे, पडद्याला लागून बसवलं. तिथून इमारतीची उघडी नाली जायची. नालीच्या काठी एक चांगला रुंद दगड होता, त्यावर घोंगडी अंथरून दिली.

“मागच्या बाजूचं म्हणन ना रे तो, बापू?” माय म्हणाली.

“म्हणन, माय. भैरवीशिवाय मैफल संपत नसते. मी सोता सांगतो त्याईले.” मी तिच्या चांगल्या कानाशी ओरडून सांगितलं.

बुवा जीपमधून उतरले आणि पहिली पिचकारी टाकली ती थेट दारातल्या रांगोळीवर. आबासाहेब हसले. मीही हसलो, मोठ्या माणसाची लहर म्हणून. मग खोलीत त्यांना जवळून पाहिलं आणि माझं हसू ओठांवरच वाळलं. धोतरावर लाल ओघळ, नखांत सुकलेला चुना. खाकरणं तर असं की आतडी बाहेर येतील असं वाटावं, आणि ते सगळं मी पुढे धरलेल्या पिकदाणीत. नेम चुकला की माझ्या हातावर. एकदा तर त्यांनी माझ्याच खांद्यावरच्या नव्या पंच्याला तोंड पुसलं आणि पंचा परत माझ्या खांद्यावर टाकला. लाल, ओला, तंबाखूनं घमघमणारा. मला शिसारी आली. पण भक्ताला शिसारी कशी येईल, म्हणून मी स्वतःलाच दटावलं.

मैफल सुरू झाली. गळा मात्र... काय सांगू! त्या तोंडातून तो सूर येतो याचाच मला राग आला. मी त्यांच्या मागे मांडी घालून बसलो होतो आणि पिकदाणी मांडीवर होती. थोड्या वेळात लक्षात आलं की पिकदाणी गुणगुणतेय. घाबरलो वगैरे नाही. पितळेचं भांडं आहे, जवळ कोणी गायलं तर घुमणारच. लोट्यात तोंड घालून हा प्रयोग मी वर्गातही करून दाखवला होता.

पण मग दुसरी गोष्ट लक्षात आली. पिकदाणी बुवांच्या मागून घुमत नव्हती. ती आधी गात होती. आतल्या त्या घट्ट लाल लगद्यातून तान बारीक, स्वच्छ अशी यायची, आणि मग तीच तान बुवांच्या तोंडून. मी वाकून ऐकलं. वास असा भपकन आला की तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं ते. तरी कान हलवेना. बुवांपेक्षा ते आतलं गाणं गोड होतं, हे मी आज प्रथमच लिहून देतो.

तबलजी म्हातारे होते. ठेका न सोडता त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाले, “गोद में मत लो, मास्टर. नीचे रखो.”

चहाच्या सुट्टीत मी धीर करून बुवांपुढे उभा राहिलो. मायची सगळी हकीकत सांगितली. कान जात चाललेत, त्या भैरवीसाठी आलीय, मागेच बसलीय.

बुवांनी पडदा बाजूला करून मायकडे पाहिलं. तिनं हात जोडले.

“ही बहिरी?” बुवा हसले. “अहो मास्तर, बहिऱ्यांना भैरवी कशाला हवी? त्यापेक्षा गोठ्यात म्हशीपुढे बसून गाईन मी.” आणि पिचकारी टाकली. कोमट शिंतोडे माझ्या मनगटावर उडाले. आबासाहेबांना तोही विनोदच वाटला.

आणि त्या माणसानं खरंच भैरवी म्हटली नाही. मधल्या रागातच तंबोरे खाली ठेवायला लावले आणि उठला. मंडपात कुजबूज झाली – भैरवी न म्हणता कोणी उठतं का? बुवा तोवर जीपमध्ये बसून मोसंबी सोलत होते.

मी पिकदाणी उचलली. काठोकाठ भरली होती, हिंदकळत होती. रिकामी करायला नालीकडे निघालो, तर आतून पहिली ओळ आली. तीच. मागच्या बाजूची. तबकडीवरच्यासारखी खरखर नव्हती तिला... समोर बसून कोणी म्हणावं तशी आली. मी डोळे मिटून ते भांडं तसंच नालीत भिरकावलं आणि भिंतीला धरून ओकलो.

तोंड पुसून पाहतो तर पिकदाणी अडकून नाली तुंबलेली. लाल पाणी काठावरून चढून दगडापाशी आलं होतं. मायचे दोन्ही पाय त्यात होते. लुगड्याचा काठ रंगला होता, बोटांच्या बेचक्यात चोथा अडकला होता. आणि माय डोळे मिटून बसली होती.

मी धावत जाऊन हौदावरून बादली आणली. “माय, उठ! पाय काढ! थुंका व्हय तो!”

तिनं डोळे न उघडता हात वर केला.

“थांब ना बापू... म्हणून राह्यला ना तो. किती गोड म्हणून राह्यला.”

“कोनी नाही म्हणून राह्यलं, माय! तो गेला! जीप गेली त्याची!”

“खालून येऊन राह्यलं,” माय म्हणाली. “तळव्यातून. कानाचं कामच नाही. संपू दे, मंग धू.”

मला काहीही ऐकू येत नव्हतं. मांडववाले खांब उपटत होते, त्यांचाच आवाज काय तो होता. मी बादली घेऊन उभा राहिलो. माझी माय एका पाजी माणसाच्या थुंकीत पाय बुडवून बसली होती, मान बरोबर भैरवीच्या लयीत हलत होती, आणि मी नुसता पाहत होतो. एवढी किळस मला आयुष्यात कशाची आली नाही. शेवटी तिनं जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला आणि पाय पुढे केले. मी ते तीनदा धुतले.

घरी आल्यावर ट्रंकेतला फोटो खरवडून काढला. बुवांना त्यानंतर कधी ऐकलं नाही, रेडिओवर आले की बंद करायचो. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मायचा दुसरा कानही गेला. पण बुवांनी आपल्यासाठी भैरवी म्हटली, असंच ती शेवटपर्यंत गावभर सांगत राहिली. मी कधी तिचं म्हणणं खोडलं नाही. पितळ घुमतं हे मला कळतं. पण घुमणारं भांडं न गायलेलं गाणं कसं म्हणेल? आणि मला ऐकू आली ती एकच ओळ, तिला सगळं भजन, हे कसं? बरेच तर्क केले, एकही टिकला नाही.

आता माझाही डावा कान गेलाय. मायच्या वळणावरच गेलोय. मेहकरच्या एस.टी. स्टँडवर, कचेरीच्या जिन्यात, कोपरे लाल झालेले दिसले की अजून नाकाला रुमाल लावतो. मग कोणी बघत नाही ना हे पाहून क्षणभर थांबतो, आणि उरलेला कान त्या कोपऱ्याकडे करतो.