आईच्या हाताचं माप

तापलेल्या हायड्रॉलिक तेलाचा वास आला की मला कारंजा गावातलं, हायवेलगतचं ते वर्कशॉप आठवतं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. शेणखत उचलण्यासाठी आमच्या छोट्या ट्रॅक्टरला समोर बकेट बसवली होती आणि ती वर-खाली करायचा दांडा मिस्त्री लावत होता. ट्रॅक्टर आई चालवायची, पण त्यानं माप घेतलं ते सोबत आलेल्या काकांच्या हाताचं. आई सीटवर बसली, तर दांडा धरायला तिला अर्धं उठावं लागलं आणि पाय ब्रेकवरून सुटला. "भाऊ, भरली बकेट वर असताना असा पाय सुटला तं?" तिनं विचारलं. "मंग ट्रॅक्टरवर माणूस ठेवा ना, बाई," म्हणून तो हसला. "चूक तुमची आहे," मी अडखळत म्हणाले, पण त्यानं ऐकलंच नाही. आई जागची हलली नाही. "माह्या हाताचं माप घ्या. तवरीक मी उतरत नाई." शेवटी त्यानं नट खोलून दांडा मागे घेतला. पण तो कसा वापरायचा हे समजावलं मात्र काकांना! "हे पाहा काकाजी, पुढं ढकललं का बकेट खाली." आणि सायकलशिवाय काहीही चालवता न येणारे काका गंभीरपणे मान डोलावत राहिले. मिस्त्री आईला ओळखत नव्हता, असं आज निदान म्हणता तरी येतं. पण काका? त्यांच्या वावराची नांगरणी तर दरवर्षी आईच करून द्यायची.