आर्माँचे एकतीस मासे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, इराला तर नाहीच. एरवी माझ्या पोटात काही राहत नाही — कुणाच्या घरी काय शिजलं हेसुद्धा मी तासाभरात गावभर करते, असं नवरा म्हणतो, आणि ते काही खोटं नाही. पण ही एक गोष्ट राहिली. आज जमतं का बघते.

आधी आर्माँबद्दल सांगू? त्याच्याबद्दल बोलायला मला आवडतं. आणि खरं म्हणजे, मूळ मुद्दा जितका पुढे ढकलता येईल तितका मला हवाच आहे.

दोन हजार चारचा उन्हाळा. नागपूरहून मॉन्ट्रियलला येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. नवऱ्याला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी होती. माझ्याकडे प्राणिशास्त्राची एम.एस्सी. होती, वर संख्याशास्त्राचा डिप्लोमा होता, आणि फ्रेंच मात्र शून्य. जिथे जाईन तिथून गोड हसून परत पाठवायचे. शेवटी एका छोट्या ऑफिसने चार महिन्यांचं काम दिलं. एका धरणावर रानटी सामन मासे मोजायचे. जागा बसने सात तासांवर, दुसरं कुणी जायला तयार नव्हतं. इरा तीन वर्षांची होती. सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या, म्हणून निभावलं. बाबा फोनवर म्हणाले, "एम.एस्सी. करून मासे मोजतेस काय बापा!" आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पण काम साधं नव्हतं हो. सामन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीने वर येतो. मध्येच धरण आलं तर त्याने करायचं काय? म्हणून धरणाच्या कडेला त्यांच्यासाठी जिना बांधलेला असतो — एकावर एक सिमेंटच्या टाक्या, वरून पडणारं पाणी, आणि एकेक पायरी उडी मारत चढणारे मासे. शेवटच्या पायरीला जाड काचेची खिडकी. खिडकीमागे एक ओलसर खोली. तिथे खुर्ची टाकून माणूस बसतो आणि मोजतो. पैदास केंद्रात वाढवून सोडलेल्या माशांचा पाठीवरचा एक छोटा पर आधीच कापलेला असतो. तो शाबूत दिसला की मासा रानटी. आम्हाला हवे होते ते रानटी.

त्या खुर्चीवर आर्माँ बसायचा. जिना बांधला तेव्हापासून तोच. वय बासष्ट, पोट गरगरीत, पँट खांद्यावरच्या पट्ट्यांनी कशीबशी तोलून धरलेली. शिक्षण आठवीपर्यंत. धरण व्हायच्या आधी तो त्याच नदीच्या वरच्या अंगाला, काठावरच्या घरात लहानाचा मोठा झालेला. खिडकीतून रानटी मासा गेला की तो हातातलं मोजणीचं बटण दाबायचा आणि अदबीने म्हणायचा, "बोंजूर, मादाम." प्रत्येकीला! एखादी दमून उलटी खाली घसरली तर एक वजा करायचा आणि म्हणायचा, सावकाश या, आम्ही कुठे जात नाही.

मला फ्रेंच त्यानेच शिकवलं, त्या खिडकीसमोर बसून. त्यामुळे माझं फ्रेंच बरेच दिवस माशांचंच होतं — बँकेच्या रांगेत पुढच्या बाईंना मी एकदा विचारलं होतं, तुम्ही वर चढताय की खाली घसरताय? आर्माँला हे सांगितलं तर तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. माझ्या डब्यातला ठेचा त्याने पहिल्या दिवशी जॅम समजून पावाला फासला. घामाघूम झाला, लालबुंद झाला, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, तो हिरवा राक्षस आणला आहेस का? त्याच्या बायकोने, जानीनने, इरासाठी भर जुलैत लोकरीचे हातमोजे विणायला घेतले होते. नवरा इराला घेऊन एकदा आला, तेव्हा आर्माँने तिला मांडीवर बसवून ते मोजणीचं बटण तिच्या हातात दिलं. तिने पाण्याच्या प्रत्येक बुडबुड्याला बटण दाबलं. त्या दिवशीची मोजणी त्याने कागदावर रेघा ओढून केली. तेव्हापासून इरा त्याला पेपेर म्हणायला लागली. तिकडची मुलं आजोबांना असंच म्हणतात.

किती प्रेमाने सांगते आहे ना मी? प्रेम होतंच. तेच तर सांगायचं आहे.

आमची पद्धत अशी होती. आर्माँ खिडकीसमोर बसून प्रत्यक्ष मोजायचा. त्याच वेळी एक कॅमेरा टेप करत असायचा. दुसऱ्या दिवशी मी वरच्या खोलीत तीच टेप बघून माझी मोजणी करायची. एकमेकांचे आकडे बघायचे नाहीत. सोमवारी डियान — आमची साहेबीण — दोन्ही आकडे शेजारी मांडायची. जवळजवळ आले तर मोजणी पक्की, आणि त्यावरून वर्षाचा अंदाज बांधायचा. फार फरक पडला तर दोघांपैकी कुणाचे तरी डोळे चुकताहेत. आणि नियम एकच: टेप नेहमीच्या वेगानेच बघायची. आठ तासांची टेप, आठ तास.

मी ती पळवून बघायला लागले.

सुरुवात शुक्रवारी झाली. मॉन्ट्रियलची बस दुपारी निघायची. नवऱ्याचा फोन यायचा, "अगं, बस मिस करू नकोस, इरा सकाळपासून विंडोपाशी उभी आहे." पोरीचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा आणि माझं बोट पळवायच्या बटणावर जायचं. आई होते मी. कुणीही समजून घेईल, नाही का?

पण मग मंगळवारी कुठली बस होती? मंगळवारीही मी टेप पळवलीच. बुधवारीही. इराचं नाव मी मघाशी पुढे केलं, कारण ते सोपं आहे. खरं कारण — मला कंटाळा यायचा. आणि दुसरं त्याहून वाईट. मला वाटायचं, आठवी शिकलेल्या म्हाताऱ्याच्या मोजणीपेक्षा माझा ओझरता अंदाजही सरसच असणार. माझ्याकडे डिग्री होती ना.

जूनच्या शेवटी गास्पारो येतात, तारलीसारखे छोटे रुपेरी मासे, झुंडीच्या झुंडी. खिडकी नुसती चकाकते. त्या गर्दीच्या मागून सामन जातो तेव्हा फक्त एक काळसर पाठ दिसते, श्वास घ्यावा तेवढा वेळ. टेप पळवली तर तीही नाही. माझे आकडे घसरले. आर्माँचे होते तिथेच राहिले. एका सोमवारी डियानने कागद समोर ठेवले: मागच्या मंगळवारचे आर्माँचे एकतीस, माझे एकोणीस. तिला कुणावर आळ घ्यायचा नव्हता. त्या वसंतात आर्माँचा चष्म्याचा नंबर बदलला होता, हे तिला ठाऊक होतं. ती मला एवढंच म्हणाली, ती मंगळवारची टेप पुन्हा एकदा नीट बघ आणि मला सांग.

मी बघितली. या वेळी नीट, आठ तास, जागची न हलता. पाणी प्यायलाही उठले नाही. दुपारपर्यंत वीस झाले होते. मग गास्पारोंची झुंड आली आणि तिच्या मागून एक पाठ, आणखी एक पाठ, दोन एकदम, एक उलटी घसरली, पुन्हा आली. टेप संपली तेव्हा माझ्या हातातल्या यंत्रावर एकतीस होते. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मला काय वाटलं असेल? लाज? नाही. पहिल्यांदा वाटलं ते कौतुक. बापरे, काय नजर आहे म्हाताऱ्याची! धावत खाली जाऊन त्याला मिठी मारावी असं वाटलं.

खाली गेले नाही. डियानच्या खोलीत गेले आणि म्हणाले, एकोणीस.

झालं. एवढंच आहे. एक शब्द. पुन्हा वापरायच्या टेपांच्या खोक्यात ती टेप मी स्वतःच्या हाताने टाकली. त्याच आठवड्यात तिच्यावर दुसरे मासे टेप झाले.

डियानने आर्माँला फार हळुवारपणे सांगितलं. मी दारापाशी उभी होते. तो भांडेल, डॉक्टरचा कागद दाखवेल, टेप मागेल असं मला वाटलं होतं. मागितली असती तर मी काय केलं असतं? माहीत नाही. पण त्याने नुसता चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाला, "ते यावेत असं मला फार वाटतं ना. म्हणून दिसत असतील." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, बरं झालं, ही पोरगी होती, नाहीतर सगळा हिशोब मी बिघडवला असता. माझा खांदाही थोपटला.

माझे बाबा आयुष्यभर सूतगिरणीत फिटर होते. कुठलं चाक बिघडलं ते नुसत्या आवाजावरून सांगायचे, आणि साहेब आधी वहीत बघायचा. "शिकलेल्याच्या कागदासमोर आपला कान खोटा पडतो," असं म्हणत घरी येऊन गप्प जेवायचे. तो गप्प बसलेला माणूस बघत मी वाढले. म्हणूनच तर त्यांनी मला शिकवलं. आता सांगा, मला कळत नव्हतं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

पुढच्या वर्षी खिडकीची खुर्ची मला मिळाली. पक्की नोकरी. फ्रेंच येत होतं ना आता. आर्माँला जिन्यातला पालापाचोळा काढायचं काम दिलं. त्या वर्षी मी काटेकोर मोजलं, डोळ्यात तेल घालून मोजलं. साहजिकच आकडा वाढला. ऑफिसात सगळे म्हणाले, रानटी सामन वाढतोय! वाढलं काहीच नव्हतं. आदल्या वर्षीचे मासे मी बुडवले होते. सगळ्यांत जास्त आनंद कुणाला झाला असेल? आर्माँने जानीनकडून केक करून आणला आणि पहिला तुकडा मला भरवला. तो केक मी खाल्ला. दुसऱ्यांदाही घेतला.

तो निवृत्त झाला तरी आमचं येणं-जाणं राहिलं. दर नाताळला आम्ही जायचो. प्रेम कमी झालं नाही, उलट वाढलंच. ते प्रेम खरं होतं, एवढं मला आजही वाटतं. पण दर वेळी परतताना गाडीत वाटायचं, आज सांगायचं राहिलं. सात वर्षं राहिलं.

दोन हजार अकराच्या नाताळात शेवटचं भेटलो. बाहेर गुडघाभर बर्फ होतं, नवरा त्यांचं अंगण शोव्हल करत होता. आर्माँ स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसला होता, बारीक झालेला, पट्ट्या आता सैल. बाहेर जानीनने दाणे टांगले होते आणि त्यावर काळ्या टोपीचे छोटे पक्षी आले होते. जुनी सवय — त्याच्या अंगठ्याने मांडीवर नुसतंच बटण दाबलं. एक, दोन, तीन, चार. मग तो थांबला.

"चार ना?" त्याने विचारलं.

"कात्र, पेपेर!" इरा म्हणाली. चार, आजोबा. दहा वर्षांची झाली होती ती. तिची नजर कोवळी, लख्ख. पण तो तिच्याकडे वळला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, मी काय म्हणते त्याची वाट बघत.

जानीन हळूच म्हणाली, आता त्याचं असंच असतं. दुकानात सुटे मोजताना, पत्त्यांत पानं वाटताना, कशातच स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा भरवसा नाही. कुणीतरी हो म्हणावं लागतं.

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही चौघंच होतो. मी खिडकीतून बाहेर बघितलं, पक्षी मोजले आणि म्हणाले, "हो आर्माँ, चार."

त्याचा चेहरा एकदम खुलला. हसला. पक्ष्यांकडे बघून म्हणाला, बोंजूर, मादाम.

मार्चमध्ये तो गेला.

चारच होते. आणि त्या मंगळवारी एकतीस.